आरईबीटी (विवेकनिष्ठ मानसोपचार)

रोजच्या जगण्यातली चिंता, चिडचिड, अपराधीपणा आणि ‘आपलं काही खरं नाही’ हा मनाचा सूर यांच्या मुळाशी असलेल्या हटवादी समजुती शोधून त्या बदलण्याची एक मानसोपचार पद्धती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ती विकसित केली. ‘रॅशनल थेरपी’ हे तिचे पहिले नाव. भावना आणि वर्तन हे शब्द त्यात नंतर जोडले गेले आणि १९९३ पासून ती ‘रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी’, म्हणजेच आरईबीटी, या नावाने ओळखली जाऊ लागली. आज सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारे उपचार) म्हणून माहीत असलेल्या उपचारांच्या घराण्यातली ही सर्वांत जुन्यांपैकी एक शाखा आहे.

एलिस मूळचे मनोविश्लेषक. रुग्णाला आपल्या भीतीचे मूळ बालपणात कुठे आहे हे उमगते, तरी भीती जात नाही, असा अनुभव वारंवार आल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला. माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, त्या घटनांविषयीची त्याची मते अस्वस्थ करतात, हा प्राचीन ग्रीक स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा विचार त्यांनी पायाभूत मानला आणि त्याला ‘एबीसी’ अशी सुटसुटीत मांडणी दिली. ए म्हणजे घडलेला प्रसंग, बी म्हणजे त्याविषयीची समजूत आणि सी म्हणजे त्यातून येणारी भावना व वागणूक. आपण सहसा ए मुळे सी झाला असे म्हणतो आणि मधला बी नजरेतून निसटतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण त्याच बीवर बोट ठेवते.

पुण्यात नोकरी करणारा मुलगा रोज रात्री घरी फोन करतो आणि एके रात्री करत नाही, असे समजू. आई लावते, तर फोन बंद. ‘अपघातच झाला असणार’ असे मनात येते, छातीत धडधडते, पुन्हापुन्हा फोन लावला जातो, झोप उडते. वडिलांनाही तेच कळलेले असते. ‘चार्जिंग संपलं असेल’ म्हणून ते कूस बदलतात. ए एकच, सी दोन.

इथे बहुतेक जण आईची समजूत ‘अगं, काही झालं नसेल’ अशी घालतील. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात विकसित केलेल्या बोधात्मक उपचाराची दिशाही साधारण हीच आहे. अंदाज तपासा, पुरावा काय ते पाहा, आधी किती वेळा फोन बंद लागला आणि त्यातल्या किती वेळा खरेच काही झाले होते ते आठवा. एलिस यांना हे अपुरे वाटे. अपघात झालाच नसेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही, त्यामुळे अशा दिलाशाचा असर पुढच्या बंद फोनपर्यंतच टिकतो. त्यांचा प्रश्न अधिक कठोर असतो : समजा, झाला असेल, तर? या प्रश्नाने अंदाजाखाली दडलेली मागणी वर येते. ‘माझ्या मुलाला कधीच काही होता कामा नये, आणि तो सुखरूप आहे हे मला आत्ताच्या आत्ता कळलंच पाहिजे.’

ही मागणी, म्हणजे ‘पाहिजे’ला चिकटलेला ‘च’, एलिस यांच्या मते सगळ्या भावनिक त्रासाचे मूळ आहे. तिच्यातून आणखी तीन समजुती फुटतात. घडले ते केवळ वाईट नसून भयंकर आहे. मला ते सोसणारच नाही. आणि असे झाले म्हणजे मी (किंवा समोरचा, किंवा सगळे जगच) नालायक. मी उत्तम कामगिरी केलीच पाहिजे, तुम्ही माझ्याशी नीट वागलेच पाहिजे आणि आयुष्य सोपे असलेच पाहिजे, हे मागणीचे तीन साचे. परीक्षेचा निकाल, साहेबांपुढचे बोलणे, लग्नाघरातले मानपान, कुठलाही ताण घेतला तरी यांतला एखादा सापडतो.

पुढची पायरी डी, म्हणजे समजुतीशी वाद घालणे. असा नियम कुठे आहे? ‘मला फार हवे आहे’ यातून ‘ते मिळालेच पाहिजे’ हे निघते का? आणि असा विचार केल्याने माझे काय भले होते? वादात टिकते ती इच्छा : ‘तो सुखरूप असावा अशी माझी तीव्र इच्छा आहे. काही झालेच असेल तर ते फार कठीण असेल, पण त्याला मी तोंड देईन.’ आता आई निर्धास्त झालेली नसते. ती मुलाच्या खोलीतल्या मित्राला एक फोन करते आणि अंथरुणाला पाठ टेकते. चिंतेची जागा काळजीने घेणे, नैराश्याची दुःखाने, अपराधगंडाची पश्चात्तापाने, एवढाच बदल या पद्धतीला अपेक्षित आहे. ‘सकारात्मक विचार करा’ या उपदेशाशी तिची गल्लत नेहमी होते, ती इथेच चुकते. ‘सगळं छान होईल’ हे वाक्यसुद्धा एलिस पुराव्याअभावी नाकारतील.

नुसत्या वादाने काम भागत नाही. एकोणीस वर्षांचे असताना एलिस मुलींशी बोलायला घाबरत. ब्रॉंक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी दिसेल त्या मुलीशी बोलायचेच, असा नेम त्यांनी महिनाभर पाळला. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे शंभर जणींशी बोलणे झाले, भेटायला एकच कबूल झाली आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. लाजेवरचे व्यायाम पुढे त्यांच्या उपचाराचा भाग झाले. भुयारी रेल्वेच्या डब्यात पुढच्या स्थानकाचे नाव मोठ्याने ओरडायचे आणि लोकांच्या नजरा सोसता येतात, हे स्वतः अनुभवायचे.

नकारात्मक विचार दाबून टाकणे हा घरगुती उपाय मात्र उलटतो. ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल येतच राहते, आणि बंदी उठल्यावर तर जास्तच येते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवले. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांची १९८३ मधली युक्ती कामाची आहे. दिवसातला अर्धा तास ठरावीक वेळी, ठरावीक जागी चिंतेसाठी राखायचा. एरवी चिंता आली की तिला त्या वेळेवर ढकलायचे. ही युक्ती आरईबीटीतली नव्हे, पण तिच्या जोडीने चालते.

महाराष्ट्रात ही पद्धती रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांना जाते. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता आणि त्यांनी मराठीतून विपुल लेखन केले. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) या संस्थेने ती कार्यशाळांतून सर्वसामान्यांपर्यंत नेली. मराठी श्रोत्यांना ती परकी वाटली नाही, याचे एक कारण संतपरंपरेत असावे. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत समर्थ रामदासांमुळे इथे घरोघरी पाठ आहे. फरक असा, की तिथे शेवटचा आधार राम, इथे पुरावा.

पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. थायरॉइडचे विकार किंवा चहा-कॉफीचा अतिरेक यांनीही धडधड होते. तिथे समजुतींशी वाद घालून उपयोग नाही. चिंता बहुतेक दिवस, सहा महिने वा अधिक काळ टिकली आणि कामधाम, झोप बिघडवू लागली, तर तो रोजचा ताण राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. सर्वांत मोठा धोका बी च्या नादात ए विसरण्याचा. मारहाण करणारा नवरा, थकलेला पगार, सावकाराचा तगादा हे प्रसंग खरे असतात. त्यात सापडलेल्या माणसाला ‘तुझ्या समजुती तपास’ एवढेच सांगणे हा या पद्धतीचा गैरवापर ठरतो. आधी मन सावरून मग प्रसंग बदलायला हात घालावा, असा एलिस यांचा क्रम होता. त्यातला दुसरा भाग हौशी समुपदेशकांकडून बरेचदा गळतो.