शियानचा मनोरा तटाबाहेर कसा?

चीनमधल्या शियानला गेलेला माणूस पहिल्याच दिवशी एका गोष्टीने गोंधळतो. शहराला भक्कम तट आहे, जवळजवळ 14 किलोमीटर घेराचा. वर भाड्याच्या सायकली मिळतात, लोक तटावरून रपेट मारतात. ‘जुनं शहर’ ते हेच, असा आपला समज होतो. पण इथली सर्वांत नामांकित बौद्ध वास्तू, दायान ता म्हणजे थोरला हंस-मनोरा, या तटाच्या दक्षिण वेशीपासून चारेक किलोमीटर बाहेर उभी आहे. धाकटा हंस-मनोराही बाहेरच. युवराजाने आपल्या आईच्या नावाने बांधलेला विहार गावाबाहेर कशाला बांधला असेल?

विहार गावातच होता, गाव आक्रसलं. आजचा तट मिंग राजवटीतला, 1370 च्या दशकातला. त्याच्या सातशे वर्षं आधी इथे तांग राजवटीची राजधानी चांगआन होती. तिचा विस्तार सुमारे 84 चौरस किलोमीटर. मिंग तटाच्या आतला भाग त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा भरेल. शंभराहून जास्त पेठा, प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत, तिन्हीसांजेला नगारे वाजले की पेठांचे दरवाजे बंद. 904 मध्ये झू वेन नावाच्या सरदाराने बादशहाला जबरदस्तीने लोयांगला हलवलं आणि जाताना राजधानीच उकलून नेली. राजवाडे, कचेऱ्या, घरं पाडून त्यांचे खांब-वासे वेइ नदीत सोडून दिले आणि पाण्यावरून खाली नेले. लाकडाचं शहर ते, गेलं. विटांचं तेवढं राहिलं.

शियानमधली ‘प्राचीन देवळं’ बघताना एवढं ध्यानात ठेवलं की बरेच घोटाळे टळतात. थोरला मनोरा ज्यात आहे त्या दा त्सिएन विहाराच्या आवारात शिरल्यावर दिसणारे लाल खांबांचे मंडप मिंग-छिंग काळातले किंवा त्याहून अलीकडचे. तांग काळातला ऐवज म्हणजे मधला मनोरा.

तो बांधवून घेणारा भिक्खू आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग, आजच्या उच्चारात शुआनझांग. 629 च्या सुमारास परवानगी नसताना तो चांगआनमधून निसटला, भारतात आला आणि 645 मध्ये परतला. सोबत वीस घोड्यांवर लादलेल्या 657 पोथ्या. आणखी काही सिंधू ओलांडताना नाव कलंडून वाहून गेल्या होत्या. पुढची एकोणीस वर्षं, म्हणजे 664 मध्ये मरण येईपर्यंत, तो भाषांतरच करत राहिला.

दा त्सिएन विहार 648 मध्ये युवराजाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ उभारला. हाच पुढे गाओझोंग बादशहा झाला. 652 मध्ये शुआनझांगने त्याच्याकडे मनोऱ्याची परवानगी मागितली. कारण अगदी व्यवहारी होतं: पोथ्या आगीपासून वाचवायच्या. त्याला दगडी मनोरा हवा होता, तीनशे छी (फुटासारखं चिनी माप) उंच. बादशहा म्हणाला, दगडाचं काम लवकर उरकणार नाही, विटांचा बांधा. उंचीही कमी झाली. खर्चासाठी राजवाड्यांतल्या मृत स्त्रियांचे कपडे आणि चीजवस्तू दिल्या गेल्या. पन्नाशीच्या घरातला शुआनझांग स्वतः टोपलीने विटा वाहायचा, असं त्याच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे.

हा पहिला मनोरा पाच मजली. आत मातीची भर, बाहेर विटांचं कवच, घडण भारतीय स्तूपाच्या वळणाची. तो फार टिकला नाही. भेगांतून झाडंझुडपं उगवली, माती सुटली. 701 ते 704 दरम्यान सम्राज्ञी वू झेतियानच्या काळात तो नव्याने, चिनी धाटणीत बांधला गेला. पुढे दुरुस्त्या होत राहिल्या. आज दिसतो तो सात मजली, सुमारे 64 मीटर उंच. थोडा कललेलाही आहे. शहराने जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं, की 1990 च्या दशकात कल एक मीटरपर्यंत गेला होता. उपसा आवरल्यावर तो हळूहळू सावरू लागला.

नावातला पक्षी भारतातून आलेला आहे. शुआनझांगने आपल्या प्रवासवर्णनात मगधातली एक कथा दिली आहे. तिथल्या एका विहारातल्या भिक्खूंना त्यांच्या पंथात मांस चालायचं. एके दिवशी काही मिळालं नाही. आकाशातून हंसांची रांग चालली होती; एकजण थट्टेने म्हणाला, बोधिसत्त्वांना आमची वेळ कळायला हवी! त्यासरशी एक हंस गतप्राण होऊन खाली पडला. भिक्खू वरमले, मांस सोडलं, हंसाला पुरून त्यावर स्तूप बांधला. मनोऱ्याचं नाव या कथेवरून पडलं, असं सर्रास सांगतात. इथे हंस म्हणजे चित्रातला लांब मानेचा, पांढराशुभ्र पक्षी नव्हे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून जायकवाडीच्या पाण्यावर उतरणाऱ्या पट्टकादंबाचा भाऊबंद तो.

मराठी माणसाला हा भिक्खू परका नाही. 641 च्या सुमारास तो महाराष्ट्रातून गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान गिळत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी कळवून घेतात, हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकी कपडे पाठवतात, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, हे सगळं त्याने नोंदवलं. पुलकेशी हर्षाला बधला नाही, हेही. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातला एक विहार, तो उभारणारा अचल नावाचा अर्हत आणि दाराबाहेरचे दगडी हत्ती यांचं वर्णन तो करतो. अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात: सोळाव्या लेण्याच्या वाटेवर हत्ती आहेत आणि सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात अचलाचं नाव आहे. हा मजकूर 646 मध्ये याच शहरात, दुसऱ्या एका विहारात बसून, त्याने शिष्याला सांगून लिहवला.

845 मध्ये बादशहा वूझोंगने बौद्ध मठांवर वरवंटा फिरवला. मठांना कर माफ होता आणि तांबं मूर्ती-घंटांत अडकलं होतं. सरकारी नोंदीप्रमाणे 4,600 मठ पाडले आणि 2,60,500 भिक्खू-भिक्खुणींना संसारात परत धाडलं. राजधानीत मोजकेच विहार राखले. दा त्सिएन आणि धाकट्या मनोऱ्याचा जियानफू हे त्यांतले दोन.

धाकटा मनोरा 707 ते 709 मधला, समुद्रमार्गे भारतात जाऊन आलेल्या यीजिंग या भिक्खूच्या विहारातला. मला विचाराल तर थोरल्यापेक्षा हाच देखणा, गर्दीही कमी. मुळात पंधरा मजले, आता तेरा, शेंडा नाहीच. 1487 च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत चिरला. 1521 च्या धक्क्यात भेग पुन्हा मिटली, अशी नोंद दाराच्या दगडी चौकटीवर कोरलेली आहे. 1556 च्या महाभूकंपात शेंडा गेला.

फामेन मंदिर शहराच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर. त्यासाठी अख्खा दिवस काढावा लागतो. तिथला मिंगकालीन मनोरा 1981 मध्ये पावसात अर्धा कोसळला. पाया तपासताना 1987 मध्ये खाली 874 पासून बंद असलेलं तळघर सापडलं, बुद्धाच्या बोटाचं मानलं जाणारं अस्थिधातू आत तसंच.

थोरल्या मनोऱ्याच्या आत आज लाकडी जिना आणि खिडक्यांतून दिसणारं शहर आहे. त्या 657 पोथ्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याच ग्रंथांच्या संस्कृत प्रती भारतातही उरल्या नाहीत, चिनी भाषांतरं तेवढी आहेत. वर चढायच्या घाईत दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंचे कोनाडे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. त्यांत 653 चे दोन शिलालेख आहेत, अक्षर छू सुइलियांग या मंत्र्याचं. एकावर बादशहा ताइझोंगने भाषांतरांसाठी लिहिलेली प्रस्तावना, दुसऱ्यावर त्याच्या मुलाची, गाओझोंगची पुरवणी. बाप-लेकांच्या या लेखांतला एक उजवीकडून डावीकडे वाचायचा, दुसरा डावीकडून उजवीकडे, म्हणजे दारात उभं राहिलं की दोन्ही बाजू जुळतात.