मॉडेल ट्रकसाठी रेझिनचे कन्व्हर्जन पार्ट: शोध, निवड आणि जोडणी

लांब नाकाच्या ट्रकला मोठा स्लीपर (कॅबमागची झोपायची खोली) लावायचा, मागे तिसरा आस द्यायचा किंवा जुन्या चाकांच्या जागी नव्या पद्धतीची डिस्क बसवायची, तर किटच्या डब्यातले प्लास्टिक पुरत नाही. मग रेझिनच्या भागांचा शोध सुरू होतो. एक गोष्ट आधीच सांगतो. नुसता ‘पीटरबिल्टचा स्लीपर’ (पीटरबिल्ट ही अमेरिकन ट्रक कंपनी) असा भाग नसतो. अमुक कंपनीच्या अमुक किटला बसणारा स्लीपर असतो. भाग परत पाठवायची वेळ येते ती बहुधा इथे चुकल्यामुळेच.

आधी प्रमाण पाहा

एएमटी आणि मोबियस या किट-कंपन्यांचे मोठे अमेरिकन ट्रक १:२५ प्रमाणात असतात, इटालेरीचे १:२४ मध्ये. रेव्हेलच्या यादीत दोन्ही सापडतात. आकडे शेजारचे असले तरी फरक चार टक्क्यांचा आहे. खरी कॅब २५०० मिमी रुंद असेल तर १:२४ मध्ये ती १०४.२ मिमी होते, १:२५ मध्ये १०० मिमी. म्हणजे इटालेरीच्या पीटरबिल्ट ३७८ साठी केलेला स्लीपर एएमटीच्या पीटरबिल्ट ३५९ वर ठेवला की दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरची पायरी दिसते, आणि ती पुट्टीने लपत नाही. हॉर्न, दिवे, आरसे यांत हा फरक खपून जातो. इंजिनही बहुतेक वेळा चालते, फक्त पंखा आणि रेडिएटर यांच्यात जागा उरते का ते बघा. कॅब, बॉनेट, स्लीपर आणि चाके यांत मात्र तडजोड करू नका.

चाकांसाठी एक खात्रीची खूण आहे. दहा नटांच्या डिस्कवर एका नटाच्या मध्यापासून बरोबर समोरच्या नटाच्या मध्यापर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजा. खऱ्या अमेरिकन हब-पायलट (हबवर नेमकी मध्यभागी बसणाऱ्या) डिस्कवर ते २८५.७५ मिमी असते, युरोपीय डिस्कवर ३३५ मिमी. १:२४ मध्ये हेच अनुक्रमे ११.९ आणि १४ मिमी होते, १:२५ मध्ये ११.४ आणि १३.४. विक्रेत्याने पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो दिला तर हे मोजमाप फोटोवरूनही काढता येते. त्यानंतर टायरचा आतला व्यास आणि आसाचे भोक जुळवा.

शोधताना

ट्रकच्या नावासोबत ‘ट्रान्सकिट’ (किट बदलण्यासाठीचा भागांचा संच), ‘कन्व्हर्जन’, ‘स्लीपर’, ‘डे कॅब’ (स्लीपर नसलेली कॅब) हे शब्द वापरा. जर्मन कारागिरांकडे हाच माल ‘उमबाउझाट्स’ या नावाने मिळतो. किट-क्रमांकावरच अडून बसू नका. एकाच साच्यातले किट वर्षानुवर्षे नव्या डब्यात, नव्या क्रमांकाने परत येत असते. सूचनापत्रिकेतले भागांचे चित्र जुळले तर बहुधा आतला माल तोच.

आवडलेला भाग दिसला की फार थांबू नका. हे भाग सिलिकॉनच्या साच्यात हाताने ओतलेले असतात आणि असा साचा काही डझन ओतकामांनंतर फाटू लागतो. कारागिराने नवा साचा केला नाही तर तो भाग संपला. थकलेल्या साच्यातून निघालेल्या भागावर रिव्हेटच्या कडा बोथट आणि फटी भरलेल्या दिसतात, म्हणून रंग न दिलेल्या भागाचा फोटो मागून घ्या. काचा, टायर, डेकल (चिकटवायची छापील चिन्हे) आणि सूचनापत्रिका सोबत आहे का, हेही विचारा. बऱ्याचदा यातले काहीच नसते.

दुसऱ्याच्या भागावरून साचा काढून केलेली नक्कल घेऊ नका. रेझिन घट्ट होताना आकसते, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा लहान निघते आणि मूळ भागातले बुडबुड्यांचे खड्डेही तिच्यात जसेच्या तसे उतरतात. शिवाय ज्याने महिनोन् महिने खपून मूळ नमुना घडवला, त्याच्या हाती काही पडत नाही.

थ्रीडी प्रिंटचे भाग प्रमाण बदलून मिळू शकतात. १:२४ ची फाइल १:२५ साठी ९६ टक्के करायची, उलट जायचे तर १०४.१७ टक्के. पण त्याबरोबर भोकेही बदलतात. आसाचे २ मिमीचे भोक १.९२ होते आणि धातूचा आस आत शिरत नाही. जोर लावला तर हब तडकतो. २ मिमीचे ड्रिल हाताने फिरवून भोक मोठे करा.

भाग हाती आल्यावर

कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला, तर पुढे मास्किंग टेपबरोबर रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. प्रिंट केलेला भाग चिकट लागला तर तो पुरता पक्का झालेला नाही. नायट्राइल हातमोजे घालून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळवा आणि मग अतिनील प्रकाशात ठेवा.

ओतीव बंपरला किंवा स्लीपरच्या भिंतीला पीळ असेल तर घाबरू नका. साधारण ६० ते ७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरा, भाग चामड्यासारखा लवचीक होतो. सपाट काचेवर दाबून सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवा. उकळते पाणी नको, पातळ कडा लोळागोळा होतात. प्रिंटच्या भागावर हा प्रयोग जपून करा, तो बऱ्याचदा ठिसूळ असतो.

ओतणीचा ठोकळा बारीक दातांच्या करवतीने कापा, रेषेच्या मिलिमीटरभर बाहेरून. उरलेले ४०० च्या वॉटर पेपरवर पाणी घालून घासा. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, मास्क लावाच. मग भाग खिडकीशी तिरका धरा. टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे तिरप्या उजेडात लगेच दिसतात. त्यांत सुपरग्लू भरा आणि तो दगडासारखा होण्याआधी, तासाभरातच घासून घ्या.

प्लास्टिकचा सिमेंट रेझिनला चिकटत नाही, कारण तो स्टायरिन विरघळवून जोडतो आणि रेझिन त्यात विरघळत नाही. लहान भागांना सुपरग्लू, कॅब आणि स्लीपरला दोन भागांचा इपॉक्सी वापरा. वजन पेलणाऱ्या सांध्यात ०.८ ते १ मिमीची पितळी तार पिन म्हणून घाला, नुसत्या गोंदावर भरवसा नको.

चेसिस लांबवायची असेल तर शक्यतो किटचीच स्टायरिन चेसिस वापरा. रेझिनच्या लांब पट्ट्या जड कॅबखाली कालांतराने वाकतात. खऱ्या गाडीचा ६२०० मिमीचा व्हीलबेस १:२४ मध्ये २५८ मिमी होतो, १:२५ मध्ये २४८. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या ठिकाणी कापा, आतून सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान २० मिमी जाईल असे स्टायरिनचे यू-चॅनल चिकटवा आणि गुण्या लावून काटकोन तपासूनच सुकू द्या. इथे अर्धा मिलिमीटर चुकला की एक चाक हवेत राहते.

आमच्याकडे मागणी नोंदवताना किटची कंपनी, डब्यावरचे प्रमाण आणि कॅबच्या मागच्या भिंतीची रुंदी व उंची मिलिमीटरमध्ये कळवा. चाके हवी असतील तर टायरचा आतला व्यास आणि आसाची जाडीही लिहा.