झारा: सराफ बाजारातल्या केरातलं सोनं

कानस चालली की सोन्याचा भुगा उडतो. तो चटईच्या धाग्यांत, पाटाच्या फटींत, कारागिराच्या केसांत अडकतो आणि हात धुतलेल्या पाण्याबरोबर गटारीत उतरतो. हा केर म्हणजे झारा, आणि तो धुऊन सोनं काढणारा झारेकरी. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत धूळधोये म्हणून येतात ते हेच काम करणारे.

खानदेशात सोनं आलं ते कापसाच्या मागून. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इकडचा भाव चढला. त्याच दशकात रेल्वे आली. कापसाचा पैसा सोन्यात मुरत गेला, जळगावचा सराफ बाजार नावारूपाला आला. जिथे घडाई, तिथे झारा. म्हणूनच जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटवरचे नवे दागिने घडवणं बंद झालं, कारागीर बसले, तसं झारेकऱ्याचं घमेलंही रिकामं राहिलं. ती अट १९६६ मध्ये सुटली, पण नियंत्रणाचा १९६८ चा कायदा १९९० पर्यंत टिकला.

पद्धत मात्र फारशी बदलली नाही. केर आधी पूर्ण जाळायचा. लाख, मेण, तेल कणावर राहिलं तर पुढे सोनं पकडायला घालतात तो पारा त्याला धरत नाही, सगळी मेहनत वाया जाते. राख कुटून चाळायची, लोहचुंबक फिरवून कानशीचं लोखंड काढायचं, मग घमेल्यात पाणी घेऊन हलवत हलवत हलका गाळ सोडून द्यायचा. सोनं पाण्याच्या १९ पट जड, तळाशी बसतं. पातळ पापुद्रे तेवढे वर तरंगतात, त्यांना बुडवायला रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब पुरतात. तळाच्या गाळात पारा मळून जाड फडक्यातून पिळला की सोनं धरलेला गोळा हाती राहतो. पारा उडवण्यासाठी हा गोळा उघड्या चुलीवर तापवणं हीच या धंद्यातली सगळ्यांत वाईट सवय. वाफेला रंग नाही, वास नाही, आणि ती मज्जासंस्था कायमची बिघडवते. बंद भांड्यात तापवून नळीने वाफ पाण्यात गार केली तर पाराही परत मिळतो.

उरलेलं टाकणखार (बोरॅक्स) घालून मुशीत वितळवायचं. टाकणखार कमी पडला तर मळी, म्हणजे वितळलेला मळ, घट्ट राहते, रवे एकत्र येत नाहीत. नंतर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल: ते चांदी-तांबं विरघळवतं, सोनं मागे ठेवतं. सोनं जास्त असेल तर तेजाब आत शिरतच नाही, म्हणून आधी चांदी मिसळून सोनं चौथाईवर आणतात: २२ कॅरेटच्या १० ग्रॅम रव्याला सुमारे २७ ग्रॅम चांदी. तेजाबात विहिरीचं खारं पाणी मिसळलं तर ते दुधाळ होतं आणि थोडं सोनंही विरघळतं. डिस्टिल्ड पाणीच हवं. तळाला उरतं ते पिवळं नसतं, तपकिरी भुकटी असते. नवखा माणूस तीच गाळ समजून ओतून देतो! वितळवल्यावर तिचा रंग उघडतो.

भुकटीवरच्या तेजाबाच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की विरघळलेली चांदी खाली बसते, १ ग्रॅम तांब्यामागे जवळपास ३.४ ग्रॅम. शेवटी उरलेल्या निळ्या पाण्यात तांबं असतं, ते गटारीत जाता कामा नये.