मॅच, केबलवाले आणि सिग्नलचोरीचा कायदा

आपल्याकडे टीव्ही सिग्नलची चोरी हा प्रकार सॅटेलाइट यायच्या आधीचा आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत केबलवाल्याच्या खोलीत एक व्हीसीआर असायचा, तिथून गच्चीवरून गच्चीवर वायर टाकलेली, आणि रात्री नवा पिक्चर लागला की खालून दुकानदारांच्या जाहिराती सरकत जायच्या. कॅसेट असायची घरगुती वापराची. निर्मात्यांनी आरडाओरडा केला तर केबलवाल्यांचं म्हणणं असं की लोक आपापल्या घरात बसून बघतात, यात सार्वजनिक काय आलं. 1989 मध्ये गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या केसमध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्या. सुजाता मनोहर यांनी हे उडवून लावलं. पैसे भरून कनेक्शन घेणारी ही सगळी घरं म्हणजे पब्लिकच, त्यामुळे कॉपीराइटचा भंग होतोच.

मग 1991 ला आखाती युद्ध, सीएनएन, स्टार आणि पाठोपाठ झी, सगळं आकाशातून आलं आणि कायद्याकडे काय होतं तर 1885 चा टेलिग्राफ अॅक्ट! 1993 मध्ये राजस्थान हायकोर्टाने म्हटलं की डिश लावून सिग्नल घ्यायचा तर असल्या जुन्या कायद्यांखाली लायसन्स हवं, म्हणजे देशभरातले केबलवाले जवळपास बेकायदा ठरले. म्हणून 1994 चा अध्यादेश आणि मग 1995 चा केबल कायदा, ज्यात पोस्टात जाऊन रजिस्ट्रेशन करायचं आणि दूरदर्शनचे ठरलेले चॅनल दाखवायचेच. ही दुसरी अट लक्षात ठेवा, पुढे तिनेच घोळ घातला.

खरं सांगायचं तर यापुढे कायद्याला पळवलं ते मॅचेसनी. 1993 चा हिरो कप कोणी दाखवायचा यावरून बंगाल क्रिकेट असोसिएशन आणि दूरदर्शनची जुंपली, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी 1995 मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या बेंचने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता, सरकारची मक्तेदारी नाही.

2002 च्या फुटबॉल वर्ल्डकपला टेन स्पोर्ट्सचे हक्क होते आणि गल्लोगल्लीचे केबलवाले विजेच्या तारेवर आकडा टाकावा तसे फुकट सिग्नल उचलत होते. केस करायची तर कोणावर, नावंच माहीत नाहीत. दिल्ली हायकोर्टाने 14 जूनला, म्हणजे साखळी सामने संपता संपता, निनावी प्रतिवादींविरुद्ध आदेश दिला, कोर्टाचा माणूस जाऊन तपासणी करणार आणि पुरावे गोळा करणार. भारतातला हा पहिला ‘जॉन डो’ आदेश, म्हणजे नाव माहीत नसलेल्या माणसाला इंग्रजीत देतात ते नाव. पुढे याच पद्धतीने पिक्चरवाले रिलीजच्या आधीच कोर्टात जायला लागले, तिथे ‘जॉन डो’च्या जागी ‘अशोक कुमार’ हे देशी नाव चिकटलं.

आता तो घोळ. जानेवारी 2007 मध्ये वेस्ट इंडीज इथे आलेली, हक्क निंबस या खाजगी कंपनीकडे, आणि नागपूरची पहिली वनडे दूरदर्शनवर लाइव्ह दिसलीच नाही. मग कोर्टाने मॅच सात मिनिटं उशिरा दाखवायची तडजोड काढली, जी क्रिकेटवेड्या देशात म्हणजे थट्टाच. लगेच फेब्रुवारीत अध्यादेश आला आणि त्याचा कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचा लाइव्ह सिग्नल प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचाच, जाहिरातीच्या उत्पन्नातले किमान 75 टक्के हक्कधारकाला. हेतू चांगला, अँटेनावर टीव्ही बघणाऱ्या गावातल्या माणसालाही मॅच दिसावी. पण 1995 च्या अटीमुळे केबलवर, आणि लायसन्सच्या अटींमुळे डीटीएचवर पण, तोच दूरदर्शन चॅनल दाखवणं भाग, म्हणजे पैसे मोजून घेतलेली मॅच सरकारी वाटेने फुकट सगळीकडे पोचायची, आणि यात केबलवाल्याचा काडीचाही दोष नव्हता.

स्पोर्ट्स चॅनलवाले भांडत राहिले. ऑगस्ट 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की असा शेअर केलेला सिग्नल दूरदर्शनने फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून आणि स्वतःच्या फ्री डिश या मोफत डीटीएच सेवेवरूनच दाखवायचा, खाजगी केबल आणि डीटीएचवाल्यांना तो मिळणार नाही.