स्वयमचे क्रेडिट पदवीत मिळवताना : परवानगी, परीक्षा अर्ज आणि नावातली तफावत

सत्र संपत आले की ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांच्या कार्यालयांबाहेर एकाच प्रकारची तक्रार घेऊन विद्यार्थी उभे दिसतात. केंद्र सरकारच्या स्वयम या व्यासपीठावरचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला, व्हिडिओ पाहिले, असाइनमेंट भरल्या, काहींच्या हातात तर प्रमाणपत्रही आहे, पण गुणपत्रिकेत त्याचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) आलेले नाही. ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली काही वर्षे मी हे अर्ज भरायला मदत करते, आणि यांतला क्वचितच कोणी अभ्यासात कमी पडलेला असतो, हे मी खात्रीने सांगू शकते. अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे, परीक्षेचा अर्ज भरणे आणि महाविद्यालयाकडून क्रेडिटची परवानगी घेणे ही तीन वेगळी कामे आहेत, ती तीन ठिकाणी करायची असतात आणि तिघांच्या मुदतीही वेगळ्या असतात. पहिले झाले की बाकीची दोन आपोआप झाली, असा समज होतो आणि तिथेच सहा महिने वाया जातात.

हे असे का आहे, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ज्यांना आज ‘मूक्स’ म्हणतात, त्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे हे नाव २००८ मध्ये कॅनडात पडले. मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांच्या वर्गात शुल्क भरलेले विद्यार्थी होते पंचवीस, आणि तोच वर्ग घरबसल्या विनामूल्य करणारे होते सुमारे २,२००. पुढे २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली, आणि २०१२ या एका वर्षात युडॅसिटी, अँड्र्यू एंग व डॅफ्नी कोलर यांची कोर्सेरा आणि हार्वर्ड व एमआयटी यांची एडएक्स अशा तीन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. एडएक्सच्या पहिल्या, विद्युत मंडलांवरच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,५५,००० नावे आली आणि उत्तीर्ण झाले ७,१५७. नाव नोंदवणे आणि शिकून होणे यांत केवढे अंतर असते, हे त्या आकड्यांनी सगळ्यांना दाखवून दिले. पुढे प्रमाणपत्र हीच विकण्याची वस्तू झाली. एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना टूयू या कंपनीकडे गेली, कोर्सेरा त्याच वर्षी शेअर बाजारात आली आणि युडॅसिटी २०२४ मध्ये ॲक्सेंचरने घेतली.

आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एनपीटेल हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला होता आणि २०१४ पासून त्यावर प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम आले. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या स्वयम या व्यासपीठावर आता एनपीटेलसह नऊ राष्ट्रीय समन्वयक संस्थांचे अभ्यासक्रम आहेत. इथे शिकणे पूर्ण विनामूल्य आहे. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यायची असते, तिचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि ती दिल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही.

आता पात्रतेकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करता येतात. २०१६ च्या विनियमांत ही मर्यादा २० टक्के होती, आणि जुनी पत्रके अजून फिरत असल्यामुळे काही कार्यालयांत आजही तोच आकडा सांगितला जातो. पण ४० टक्के ही वरची मर्यादा आहे. विद्यार्थ्याला वाटेल तो अभ्यासक्रम घेण्याचा तो हक्क नव्हे. कोणते अभ्यासक्रम कोणत्या विषयाऐवजी चालतील, हे विद्यापीठाची किंवा स्वायत्त महाविद्यालयाची विद्या परिषद ठरवते. पुढच्या सत्राच्या अभ्यासक्रमांची यादी १ जून आणि १ नोव्हेंबरला जाहीर करावी, असे विनियम सांगतात, म्हणून परवानगीची चौकशी त्याच सुमारास करावी. ज्याच्याकडे जवळजवळ कधीच नसते ते कागदपत्र म्हणजे हीच लेखी परवानगी. विभागप्रमुखांनी वर्गात ‘चालेल, करा’ म्हटले, एवढ्यावर मुले बारा आठवडे काढतात, आणि सत्राच्या शेवटी परीक्षा विभाग मंजूर यादी दाखवून अर्ज परत करतो. अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, त्याचा सांकेतिक क्रमांक, आठवडे, क्रेडिट आणि तो कोणत्या विषयाऐवजी आहे, एवढे लिहिलेल्या अर्जावर नाव नोंदवण्यापूर्वीच सही आणि तारीख घ्या. एनपीटेलवर चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक, आठला दोन आणि बाराला तीन क्रेडिट धरतात. महाविद्यालयाला तीन क्रेडिटचा पर्याय हवा असताना आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडणारे दर सत्रात भेटतात, आणि त्यांची चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

हे विनियम स्वयमसाठी आहेत. कोर्सेरा, एडएक्स किंवा ब्रिटनच्या फ्यूचरलर्नचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडण्यासाठी उत्तम आहे, पण त्याचे क्रेडिट या विनियमांखाली मिळत नाही. एखादी संस्था स्वतःच्या नियमाने ते देत असेल, तर तो नियम लेखी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

स्वयमवर खाते उघडून अभ्यासक्रमाला नाव नोंदवायला दहा मिनिटे लागतात. त्यात एकाच रकान्याकडे नीट लक्ष द्यावे. तुमचे महाविद्यालय एनपीटेलचे लोकल चॅप्टर, म्हणजे एनपीटेलशी जोडलेले महाविद्यालय असेल, तर यादीतून त्याचेच नाव निवडा आणि हजेरीपटावरचा क्रमांक बरोबर टाका. मिळत्याजुळत्या नावाचे दुसरे महाविद्यालय निवडले, तर तुमचे नाव तुमच्या महाविद्यालयाच्या समन्वयकांना, ज्यांना सगळे स्पॉक म्हणतात, दिसतच नाही.

परीक्षेचा अर्ज अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर वेगळ्या दुव्यावर येतो. नावनोंदणीची शेवटची तारीख आणि परीक्षा अर्जाची शेवटची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि आमच्याकडे सर्वाधिक अर्ज बुडतात ते या एका गैरसमजापायी. दुसऱ्या तारखेची सूचना ईमेलने येते. अनेकांनी खाते उघडताना दिलेला ईमेल शाळेतला किंवा सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो, जो कोणी उघडतच नाही. एनपीटेलच्या परीक्षेचे शुल्क दर अभ्यासक्रमाला १,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना निम्मे शुल्क पडते, पण त्यासाठी दाखला त्याच वेळी अपलोड करावा लागतो. तिथे जातीचा दाखलाच लागतो. त्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला जोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दाखला काढलेला नसेल आणि ऐनवेळी काढायला गेलात, तर परीक्षा अर्जाच्या मुदतीआधी तो हाती येणार नाही, म्हणून अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज करावा. दोन अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी दोन्ही परीक्षा एकाच दिवशी एकाच पाळीत येत नाहीत ना, हे शुल्क भरण्याआधी पाहावे.

नावाचा प्रश्न सगळ्यांत चिवट आहे. क्रेडिट जमा होण्यासाठी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा आकडी क्रमांक, म्हणजे एबीसी आयडी किंवा अपार, डिजिलॉकरमधून काढावा लागतो आणि तो आधारवरच्या नावाने निघतो. आपल्या गुणपत्रिकांवर मात्र आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते. मागच्या सत्रात कळव्याची एक विद्यार्थिनी माझ्यासमोर तीन कागद मांडून बसली होती. आधारवर तिचे नाव आणि आडनाव एवढेच होते, बारावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावासह चारही शब्द होते, आणि स्वयमवर तिने नुसते लाडाचे नाव टाकले होते. तिन्ही नावे तिचीच होती, हे मला दिसत होते. पण तिचे क्रेडिट ज्या संगणकाला जुळवायचे होते, त्याला ते दिसणार नव्हते. प्रमाणपत्र छापून झाल्यावर नाव बदलून घेणे फार कष्टाचे असते, म्हणून परीक्षेचा अर्ज भरताना टाकायचे नाव आधार समोर ठेवून अक्षरशः तसेच टाकावे. महाविद्यालयाच्या नोंदीत वेगळे असेल, तर तिथेही आताच अर्ज द्यावा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे घाईत तेच बदलायला धावू नये. गुणपत्रिकेतला शब्दक्रम एवढाच फरक असेल, तर आधी महाविद्यालयाकडे विचारणा करावी. लग्नानंतर आडनाव बदललेल्या विद्यार्थिनींना याचा त्रास सर्वांत जास्त होतो, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही खिडकीवर वेगळी व्यवस्था नाही, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

डिजिलॉकरचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो वडिलांचा बंद पडलेला क्रमांक असेल, तर आधी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः आधार केंद्रात जावे. त्या बदलासाठी कागदपत्र लागत नाही, पण ठाण्यात केंद्रावर रांग लागते, तेव्हा एक सकाळ मोकळी ठेवावी.

गुणांचा हिशेबही नीट समजून घ्यावा. एनपीटेलमध्ये असाइनमेंटना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात, आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत, आणि दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात. असाइनमेंटमध्ये ९ आणि परीक्षेत ६० मिळवलेल्या मुलाची बेरीज ६९ होते, तरी त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. नोकरी सांभाळून शिकणारे, विशेषतः महापे-ऐरोलीत शिफ्ट करणारे, सुरुवातीच्या असाइनमेंट सोडतात आणि परीक्षेवर भिस्त ठेवतात. त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे एनटीए ज्या अभ्यासक्रमांची परीक्षा घेते, तिथे विभागणी ३० आणि ७० अशी आहे आणि दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात.

परीक्षेला प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र न्यावे. फोनमधला आधारचा फोटो दाखवून आत सोडतील, या आशेवर राहू नये. एनपीटेलच्या परीक्षा शनिवार-रविवारी असतात, सकाळची पाळी नऊला सुरू होते, आणि रविवारी मध्य, हार्बर किंवा ट्रान्सहार्बर मार्गावर मेगाब्लॉक असू शकतो. आदल्या दिवशी ब्लॉकचे वेळापत्रक पाहावे. विशेषतः दुपारच्या पाळीला ठाण्याहून वाशी-नेरूळकडे जाणाऱ्यांनी.

कोर्सेराच्या आर्थिक साहाय्यासाठी मुले माझ्याकडे येतात, म्हणून तेही थोडक्यात सांगते. अर्ज दर अभ्यासक्रमाला वेगळा करावा लागतो; पाच अभ्यासक्रमांच्या मालिकेला एकच अर्ज पुरत नाही. तपासणीला दोन आठवडे किंवा थोडे अधिकही लागू शकतात, त्यामुळे प्रमाणपत्र या महिन्यात हवे असेल तर अर्ज मागच्या महिन्यात गेलेला हवा. घरचे उत्पन्न आणि अभ्यासक्रम का हवा, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. मैत्रिणीचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नये.

निकाल लागल्यावर क्रेडिट महाविद्यालयाकडे आपोआप जाईल, असे धरून चालू नये. ऑनलाइन परीक्षेचा निकाल आणि महाविद्यालयाची गुण भरण्याची शेवटची तारीख यांचा मेळ अनेकदा बसत नाही, आणि त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याने का सोसावा, याचे उत्तर मला कोणत्याही खिडकीवर मिळालेले नाही. म्हणून निकालाची वाट न पाहता, परवानगीचा अर्ज, प्रवेशपत्र आणि एबीसी आयडी जोडून ‘निकाल प्रलंबित’ असे स्पष्ट लिहिलेले पत्र आधीच परीक्षा विभागात द्यावे आणि प्रमाणपत्र आले की त्याची प्रत त्याच अर्जाच्या संदर्भाने जोडावी. पत्र देताना दोन प्रती न्याव्यात. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच खिडकी सोडावी. पुढे तारखेवरून वाद झाला, तर तुमच्या बाजूने बोलणारा तेवढा एकच कागद असतो.