नन-लुगर कार्यक्रम

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर मागे राहिलेली अण्वस्त्रे सुरक्षित ठेवण्यासाठी व मोडीत काढण्यासाठी अमेरिकेने उभारलेला साहाय्य कार्यक्रम. सॅम नन (डेमोक्रॅटिक) व रिचर्ड लुगर (रिपब्लिकन) या सिनेट सदस्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९९१ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि संरक्षण खात्याच्या निधीतून ४० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची मुभा मिळाली. कालच्या शत्रूवर हा पैसा का उधळायचा, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पण पगार थकलेले पहारेकरी आणि ढिसाळ बंदोबस्तातली कोठारे हा धोका अमेरिकेवर रोखलेल्या क्षेपणास्त्रांहून जवळचा होता. या दोघांनी तो वेळीच ओळखला, हे त्यांचे मोठेपण.

रशियाखेरीज युक्रेन, कझाकस्तान व बेलारूस येथेही अण्वस्त्रे उरली होती. युक्रेनमधील सुमारे १,९०० सामरिक (लांब पल्ल्याच्या) अस्त्रांचा साठा जगात तिसऱ्या क्रमांकाचा होता. त्यांच्या वापराची सूत्रे मात्र मॉस्कोकडेच होती. १९९२ च्या लिस्बन करारनाम्यानुसार तिघांनीही अण्वस्त्रे सोडायचे मान्य केले आणि १९९६ अखेर सर्व अस्त्रे रशियात पोचली. युक्रेनला त्याबदल्यात बुडापेस्ट येथे १९९४ मध्ये सीमांच्या अखंडतेची ग्वाही मिळाली होती. रशियाने ती २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया घेऊन मोडली.

अस्त्रे निदान मोजता येत होती. अणुबॉम्ब बनवता येईल अशा विखुरलेल्या द्रव्याचा शोध अधिक अवघड होता. कझाकस्तानातील उस्त-कामेनोगोर्स्कच्या धातुकारखान्यात सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध (बॉम्बसाठी वापरता येणारे) युरेनियम पडून होते. नोव्हेंबर १९९४ मध्ये ते गुप्तपणे विमानांनी अमेरिकेत आणून टेनेसीतील ओक रिजला हलवण्यात आले. त्याहून बिकट प्रश्न कझाकस्तानातल्याच सेमिपालातिन्स्क या सोव्हिएत चाचणीक्षेत्राचा. तेथे ४५६ अणुचाचण्या झाल्या होत्या आणि डेगेलेन डोंगराच्या बोगद्यांत प्लुटोनियम हे बॉम्बचे दुसरे द्रव्य राहिले होते. तांब्याच्या तारांसाठी भंगार गोळा करणारे गरीब लोक नेमके तेच बोगदे उकरत. द्रव्य कुठे आहे हे रशियन शास्त्रज्ञांना ठाऊक, जमीन कझाकांची, पैसा अमेरिकेचा. अमेरिकी शास्त्रज्ञ सिगफ्रीड हेकर यांनी तिघांना एकत्र आणण्यासाठी खटपट केली. बोगदे खास काँक्रीटने भरून बंद करण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

कार्यक्रमाच्या काळात ७,६०० हून अधिक अस्त्रे निकामी झाली. पाणबुड्या कापणे, साठ्यांभोवती कुंपणे घालणे आणि बेकार अणुशास्त्रज्ञांना नागरी संशोधनाचे काम देणे हेही त्यात होते. रशियाशी असलेला मूळ करार २०१३ मध्ये संपला व त्याजागी मर्यादित व्यवस्था आली. पुढच्याच वर्षी युक्रेनवरून संबंध बिघडले आणि रशियाने आपल्या अणुकेंद्रांच्या सुरक्षेतील बहुतेक सहकार्य थांबवले.