पडद्यावरील ‘अदृश्य’ संदेश आणि आपल्या सवयी

‘चित्रपटांत डोळ्यांना न दिसणारे संदेश पेरलेले असतात आणि ते नकळत आपल्या सवयी बदलतात,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या आत्यांनी तो नातवंडांच्या काळजीपोटी मला पाठवला. ती काळजी रास्त आहे, म्हणून या समजाचा उगम नीट सांगायला हवा.

अमेरिकेतील एका बाजार-संशोधकाने १९५७ मध्ये दावा केला की, चित्रपट चालू असताना ‘पॉपकॉर्न खा’ ही सूचना सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरती वारंवार झळकवल्याने पॉपकॉर्नची विक्री ५७.७ टक्क्यांनी वाढली. त्याने तपशीलवार नोंदी कधीच दिल्या नाहीत, आणि १९६२ मध्ये हा प्रसिद्धीसाठीचा खटाटोप होता हे स्वतःच मान्य केले.

याचा पडताळा घरीही घेता येतो. चित्रपटात साधारणपणे सेकंदाला २४ चौकटी असतात, म्हणजे एक चौकट सुमारे ०.०४ सेकंद टिकते. त्याहून क्षणिक संदेश चित्रपटात बसूच शकत नाही, त्याला वेगळा प्रक्षेपक लागतो. एखाद्या चौकटीत अक्षरे पेरलेली असतीलच, तर व्हिडिओ एकेक चौकट पुढे सरकवताना ती दिसतील. मध्यंतरात नाशिकच्या चित्रपटगृहात चाळवणारी भूक मात्र लोण्याच्या आणि गरम मक्याच्या वासाची असते.

चित्रपट माणसावर परिणाम करतो, पण तो उघडपणे. पडद्यावर धूम्रपान वारंवार पाहणाऱ्या किशोरवयीनांत ते सुरू करण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच आपल्याकडे अशा दृश्यांखाली इशारा येतो, आणि तो सावकाश वाचता येईल एवढा वेळ पडद्यावर राहतो.